कांदा, पाणी आणि बारा मिनिटं

कांदा दिला तो मैदानाच्या गेटबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींनी. कुणीतरी तो बुक्कीने फोडला आणि पडलेल्या माणसाच्या नाकाशी धरला. दुसऱ्याने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, तिसरा तळपाय चोळत बसला. "फिट आलीय. गर्दी करू नका, हवा येऊ द्या." पडल्या पडल्या त्यांचे हात दोन-तीनदा झटकल्यासारखे हलले होते, त्यामुळे फिटच असणार असं सगळे धरून चालले. मग त्यांनी घशातून ओढल्यासारखा एक मोठा श्वास घेतला. पुन्हा काही नाही. बऱ्याच वेळाने आणखी एक. "श्वास चालू आहे, श्वास चालू आहे," असं कुणी म्हणालं आणि सगळे जरा सैलावले.

डिसेंबरची सकाळ, सव्वासहाचा सुमार, नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूचा एक जॉगिंग ट्रॅक. त्या गृहस्थांना मी नावाने ओळखत नव्हते. रोज समोरून येताना मान हलवायची, एवढीच ओळख. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असावी. अँब्युलन्स बाराव्या मिनिटाला आली. थंडीत, धुक्यात, फोन केल्यापासून बारा मिनिटं म्हणजे उशीर नव्हे. आलेल्यांनी जे करायचं ते लगेच सुरू केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याआधीच्या बारा मिनिटांत आम्ही पंधरा-वीस शिकलीसवरली माणसं तिथे उभी होतो आणि एकानेही त्यांच्या छातीवर हात ठेवला नाही. मीसुद्धा नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाचे चार कप्पे, झडपा, महाधमनी हे सगळं गेली बावीस वर्षं लाल-निळ्या खडूने फळ्यावर काढते आहे. "सुबक व नामनिर्देशित आकृती काढा" हा प्रश्न मी किती वेळा तपासला असेल याची गणती नाही. आणि खरं हृदय चार हातांवर बंद पडलं तेव्हा माझ्या हातांना काय करायचं ते माहीत नव्हतं. या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे: अशा मृत्यूतली पहिली पाच-दहा मिनिटं डॉक्टरांच्या हातात नसतात, हॉस्पिटलच्याही नसतात. ती तिथे उभ्या असलेल्या माणसांची असतात. आणि त्या माणसांना तयार करणं हे शाळेचं, महापालिकेचं, सरकारचं काम आहे, ज्याच्या-त्याच्या हौसेवर सोडायची गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी निधनवार्तेत आलं, "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन". हे वाक्य आपण इतकं वाचलंय की त्यावर डोळा थांबतच नाही. पण या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या आहेत. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी नळी बंद होणं. तेव्हा माणूस बहुधा शुद्धीवर असतो, घामाघूम होतो, छाती दाबल्यासारखी होते, बोलू शकतो, रिक्षात बसून दवाखान्यातही जातो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाच्या विजेचा घोटाळा. ठोके पडायच्या ऐवजी हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरायला लागतात, रक्त पुढे ढकललंच जात नाही, आणि दहा-पंधरा सेकंदांत माणूस कोसळतो.

माझा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षं करतो. हा फरक मी त्याला समजावून सांगायला गेले, तर त्यानेच मला तो जास्त नीट सांगितला. "म्हणजे ताई, ड्रिपची लाइन चोकअप होणं वेगळं आणि मोटरचा एक फेज जाणं वेगळं. फेज गेला की मोटर नुसती हुंऽऽ करत राहते. फिरत नाही, पाणी उचलत नाही. आणि तशीच ठेवली तर पाच मिनिटांत जळते." मी त्याला म्हटलं, अगदी हेच. फक्त इथे जळतो तो मेंदू, आणि त्याचं रिवाइंडिंग होत नाही. चोक झालेली लाइन कधी कधी मोटरवरही येते. म्हणजे अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, तोच सगळ्यात नेहमीचा मार्ग आहे. पण दोन्हींसाठी करायची गोष्ट वेगळी आहे. अटॅकसाठी हॉस्पिटल गाठायचं. अरेस्ट झाला तर हॉस्पिटल गाठायलाच वेळ नसतो. रक्ताविना मेंदूची कायमची हानी चार ते सहा मिनिटांत सुरू होते. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी उतरते. बारा मिनिटांनंतर काय उरतं, ते ज्याने त्याने मोजावं.

त्या घशातल्या श्वासाला मराठीत शब्द आहे: आचके. माझ्या आजीच्या तोंडी तो होता. आचके लागले की जवळची माणसं गोळा करायची, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचं. ज्यांना हा शब्द ठाऊक आहे त्यांना वाटतं, संपलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटतं, श्वास चालू आहे. दोन्ही समजुतींत हात छातीकडे जात नाहीत. खरं म्हणजे आचके हे मेंदूचा खालचा भाग अजून जिवंत असल्याची खूण आहे, आणि छाती दाबायची वेळ नेमकी तीच. माणूस अचानक कोसळला, हाक मारली तर उत्तर नाही, श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. नाडी शोधत बसायचं नाही, नवख्याला ती सापडतच नाही. एकाने १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध, दोन्ही स्तनांच्या मध्ये, तळहाताची टाच टेकवायची, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि दाबायचं. खोली किमान पाच सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमायला होतं, दोन मिनिटांत होतं, म्हणून माणसं बदलत राहायची. मोठं माणूस असं अचानक कोसळलं तर तोंडाने श्वास देता आला नाही तरी चालतं, नुसतं दाबणंही पुष्कळ असतं. (बुडालेल्या माणसाचं आणि लहान मुलांचं तसं नाही, तिथे श्वासही लागतो. गोदाघाटावरच्या जीवरक्षकांना हा फरक नीट शिकवायला हवा.)

दाबण्याने बंद हृदय बहुधा सुरू होत नाही. हातांनी आपण फक्त मेंदूला थोडं रक्त पुरवत राहतो, वेळ विकत घेतो. थरथर थांबवायला शॉक लागतो. तो देणारं एईडी नावाचं यंत्र एखाद्या छोट्या सुटकेसएवढं असतं, दोन पट्ट्या छातीवर चिकटवल्या की ते स्वतःच ठोके तपासतं, पुढे काय करायचं ते बोलून सांगतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. म्हणजे आपल्या चुकीने कुणाला धक्का बसायची भीती नाही. १२ जून २०२१ ला युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानातच कोसळला, तेव्हा हेच झालं: छाती दाबली, एक शॉक दिला, आणि तो शुद्धीवर आला. पुढे त्याच्या छातीत आयसीडी, म्हणजे गरज पडली की आतूनच आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र, बसवलं आणि काही महिन्यांत तो पुन्हा फुटबॉल खेळू लागला. तिथे डॉक्टर हजर होते, हे खरं. पण अमेरिकेत लास वेगासच्या जुगारघरांत केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले सिक्युरिटी गार्ड होते. लोकांसमोर कोसळलेल्या आणि हृदयाची अशी थरथर सापडलेल्या ज्या माणसांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के जगून हॉस्पिटलमधून घरी गेले. आमच्याकडे प्रत्येक मॉलला, सोसायटीला, कारखान्याला गार्ड आहे. त्याला गाड्यांचे नंबर वहीत लिहायला आपण शिकवतो.

नाशिकबद्दल मला याचंच वाईट वाटतं. हे डॉक्टरांचं शहर आहे. महाराष्ट्रभरच्या डॉक्टरांना, नर्सना पदव्या देणाऱ्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आमच्या म्हसरूळला आहे. कॉलेज रोड, मुंबई नाका, नाशिकरोड, कुठेही उभं राहा, हृदयाच्या हॉस्पिटलची पाटी दिसते. अँजिओप्लास्टी आता सटाण्याच्या, येवल्याच्या माणसालाही परकी वाटत नाही. एवढं सगळं त्या दारापर्यंत जिवंत पोहोचणाऱ्यांसाठी आहे. आणि हृदयविकाराने जाणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे असे अचानकच जातात.

अचानक हा शब्दसुद्धा मला आता खटकतो. ऑरेगॉन या अमेरिकी राज्यात ३५ ते ६५ वयाच्या, अरेस्ट झालेल्या लोकांचा मागोवा घेतला गेला. ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यातल्या निम्म्यांना आधीच्या चार आठवड्यांत काही ना काही त्रास झाला होता, छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर, धडधड. बहुतेकांनी तो अंगावर काढला. आपल्याकडे तर त्याला नावच ठरलेलं आहे: गॅस. जेवणानंतर चढावर छाती भरून आली, की सोडा प्यायचा, ओवा खायचा. मधुमेह असलेल्यांना कधी कधी दुखतही नाही, नुसता घाम आणि थकवा. आणि आपल्यात हे लवकर येतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचा पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास होता, बाकीच्या जगात ५९ च्या. कारणं गूढ नव्हती. तंबाखू, बिघडलेली चरबी, मधुमेह, ब्लडप्रेशर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं कमी, चालणं कमी. सातपूर-अंबडला रात्रपाळी करून, तंबाखू मळत, वडापाववर दिवस काढणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं आहे आणि ते पाळणं किती अवघड आहे हे मला कळतं. म्हणून मी त्यावर इथे प्रवचन करत नाही. एवढंच सांगते की ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय आणि ज्याच्या हृदयाची पंपिंग टूडी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ३५ टक्क्यांच्या खाली दाखवली आहे, त्याने "आता बरं वाटतंय" म्हणून घरी बसू नये. त्याला अरेस्टचा धोका सगळ्यात जास्त असतो. औषधं नीट चालू ठेवून, आयसीडीची गरज आहे का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

तरुणांचं वेगळं आहे, आणि तिथे आपण जास्त चुकतो. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेले, तेव्हापासून जिमला दोष द्यायची पद्धत पडली. त्याच्या जोडीला लस आली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठलाही तरुण मृत्यू झाला की अर्ध्या तासात लसीचा मेसेज येतो. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या ४७ मोठ्या हॉस्पिटलांमधून १८ ते ४५ वयोगटातले ७२९ अचानक मृत्यू तपासले, प्रत्येकाच्या तुलनेला त्याच्या वयाची, त्याच भागातली जिवंत माणसं घेतली. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. धोका वाढलेला दिसला तो घराण्यात कुणी अचानक गेलेलं असेल तर, कोविडने हॉस्पिटलात राहावं लागलं असेल तर, मृत्यूआधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू, नशा किंवा फार जोराचे श्रम झाले असतील तर. लसीच्या मेसेजने सगळ्यात मोठं नुकसान हे केलं की "घराण्यात कुणी" हा मुद्दा कुणी वाचलाच नाही.

त्यावर मला थोडं थांबायचं आहे. पस्तिशीच्या आत असे मृत्यू होतात तेव्हा नळ्या तुंबण्याइतकंच, किंवा जास्त, कारण जन्मजात असतं. हृदयाचा स्नायू नको तितका जाड असणं, हा आजार जगात साधारण पाचशेत एकाला असतो. विजेच्या तारा जन्मतः सदोष असणं, ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेणं, असे आणखी काही. स्नायूच्या आजाराशी संबंधित एका जनुकातला एक बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत असतो, हे २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून पुढे आलं. तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, पण काहींना होतं. आणि यातले बरेचसे आजार असे आहेत की आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. पंचवीस वर्षांचा मुलगा जातो. चौकात गॉगल लावलेल्या फोटोचा "भावपूर्ण श्रद्धांजली"चा फ्लेक्स लागतो. शवविच्छेदन नको, देहाची विटंबना नको, असं घरचे म्हणतात, आणि त्या घडीला त्यांना कोण काय बोलणार. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं जातं, हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने. पण मरताना प्रत्येकाचंच हृदय बंद पडतं. ते कारण झालं नाही. फाइल मिटते. त्याचा धाकटा भाऊ मात्र पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला मैदानावर १६०० मीटर पळत असतो. त्याचा ईसीजी आणि टूडी एको काढावा हे कुणी सांगितलेलं नसतं. दोन्ही मिळून खर्च दोन-तीन हजारांच्या घरात. तेराव्याच्या पंगतीला त्याहून जास्त जातात.

माझी मागणी इथे साधी आहे. चाळिशीच्या आतल्या कुणाचाही असा मृत्यू झाला तर शवविच्छेदन आग्रहाने सुचवलं जावं, हृदय नीट तपासलं जावं, आणि दाखल्याबरोबर घरच्यांना एक कागद दिला जावा: सख्ख्या भावंडांनी, मुलांनी, आई-वडिलांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी. गोळ्यांनी, काही औषधं टाळून, क्वचित आयसीडी बसवून यातली अनेक मुलं पूर्ण आयुष्य जगतात.

आणि एक गोष्ट शाळांसाठी, माझ्यासारख्यांसाठी. प्रार्थनेला उन्हात उभं राहून चक्कर येणं बहुधा निरुपद्रवी असतं. पण धावता धावता, ऐन जोरात असताना मूल शुद्ध हरपून पडणं हे कधीच निरुपद्रवी समजू नये. क्रीडा महोत्सवात अशा मुलांना मी स्वतः लिंबूपाणी दिलंय, "नाश्ता करून ये उद्यापासून" म्हटलंय. त्यांच्या पालकांना ईसीजीबद्दल एक शब्दही बोलले नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

यावरून कुणी व्यायामच सोडू नये. नियमित चालणारा-पळणारा माणूस एकंदरीत जास्त सुरक्षित असतो. धोका त्याला, जो सहा दिवस खुर्चीत बसतो आणि सातव्या दिवशी मित्रांच्या नादाने हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या किंवा ब्रह्मगिरी एका दमात चढायला जातो.

पुन्हा त्या ट्रॅकवर येते. तिथे कुणीच पुढे का झालं नाही, हे मी नंतर काहींना विचारलं. एक म्हणाले, उगाच पोलिसांच्या चौकशा मागे लागतात. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलं. पण ते वाहन अपघातापुरतंच आहे. ट्रॅकवर, देवळाच्या रांगेत, लग्नाच्या हॉलमध्ये कोसळलेल्या माणसाला हात लावणाऱ्यासाठी तसंच स्पष्ट संरक्षण कायद्यात यायला हवं, आणि राज्य सरकारने त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवून थांबू नये. दुसरे म्हणाले, बरगडी मोडली असती तर? मोडते, कधी कधी मोडते. बरगडी जुळून येते. एक बाई हळूच म्हणाल्या, पुरुष होते म्हणून तरी लोक जवळ गेले, मी पडले असते तर पाय चोळायलाही कुणी आलं नसतं. अमेरिकेत हे मोजलंय: सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना बघ्यांकडून सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं) मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. आपल्याकडे फरक याहून लहान असेल असं मला वाटत नाही. परक्या बाईच्या छातीवर हात ठेवायचा संकोच नुसतं सांगून जात नाही. लहानपणापासून, मुलामुलींना एकत्र, पुतळ्यावर शिकवूनच तो जाईल.

म्हणून शाळा. डेन्मार्कने २००५ पासून हे शाळेत सक्तीचं केलं, २००६ पासून ड्रायव्हिंग लायसन्सला जोडलं. २००१ साली तिथे अरेस्ट झालेल्या पाचातल्या एकाला बघ्यांकडून सीपीआर मिळत होता, २०१० मध्ये जवळपास निम्म्यांना. महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर गेलं. त्यात चांगल्या हॉस्पिटलांचाही वाटा आहे, आणि अकरा म्हणजे उरलेले एकोणनव्वद जातातच, हेही मी लपवत नाही. पण शंभरातली सात-आठ जास्तीची माणसं घरी परत येतात, ती कुणाची तरी असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ज्या उपक्रमाला पाठिंबा दिला त्याचं म्हणणं एवढंच: बारा वर्षांपासून पुढे, वर्षाला दोन तास. दोन तास! स्नेहसंमेलनाच्या तालमींत आमचे आठवडे जातात.

"मुलं एवढी लहान, त्यांना कशाला?" असं शिक्षकांच्या खोलीत मला विचारलं गेलं. कारण असे बहुतेक अरेस्ट मैदानावर होत नाहीत, घरात होतात. दुपारी तीन वाजता, आई-बाबा कामावर असताना, आजोबांजवळ कोण असतं? आठवीतली नात असते. तिचं वजन पुरेसं पडणार नाही, ती दमेल, पण फोन लावून शेजारच्या काकांना हाक मारून दाबायला सुरुवात करणारी ती एकटीच असते.

आणि सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ चं ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ चं पहिलं अमृतस्नान ठरलेलं आहे. २००३ च्या पर्वणीतली चेंगराचेंगरी नाशिक विसरलेलं नाही, त्यामुळे गर्दीचं नियोजन होईल, व्हायलाच हवं. पण गर्दीत एकटा माणूस मुकाट्याने खाली बसतो आणि आडवा होतो, त्याचं काय? येणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसं असंख्य असतात. गाड्या शहराबाहेर थांबवतात, तिथून डोक्यावर बोचकं घेऊन किलोमीटर-किलोमीटर पायपीट, ऑगस्टचा दमटपणा, उपास, अर्धवट झोप, घाईत विसरलेली ब्लडप्रेशरची गोळी. त्या गर्दीतून रामकुंडापर्यंत पाच मिनिटांत अँब्युलन्स आणण्याचं वचन जगातलं कुठलंही प्रशासन देऊ शकणार नाही. पण दर पन्नास पावलांवर एक पोलीस, एक होमगार्ड, एक स्वयंसेवक उभा असणारच आहे. त्या प्रत्येकाला छाती दाबता आली पाहिजे, आणि धावत आणता येईल अशा अंतरावर एईडी पाहिजे. पोलीस अकादमी नाशिकमध्ये आहे, आरोग्य विद्यापीठ नाशिकमध्ये आहे, एनसीसी-एनएसएसची मुलं कॉलेजांत आहेत. शिकवणारे इथलेच, शिकणारे इथलेच. एईडीची किंमत लाखाच्या आसपास, ती पर्वणीनंतर वाया जात नाही: बसस्टँड, रेल्वे स्टेशन, सप्तशृंगीच्या पायऱ्या, बाजार समित्या, नाट्यगृहं यांच्या भिंतीवर कायमची राहू शकतात. फक्त ती कुलपात ठेवू नयेत. किल्ली साहेबांकडे आणि साहेब मीटिंगमध्ये, असलं यंत्र नसल्यासारखंच. त्याची बॅटरी आणि चिकटपट्ट्यांची तारीख बघायला एका माणसाचं नाव पाटीवर लिहिलेलं असावं.

काही जण म्हणतात, सुरगाणा-पेठच्या आरोग्य केंद्रात साधी सोय नाही आणि तुम्ही यंत्रं कसली मागता. ते म्हणणं मला पटतं, म्हणूनच मी आधी हात मागते. हातांना खर्च नाही, वीज लागत नाही, आणि सुरगाण्याच्या पाड्यावर अँब्युलन्सला शहरापेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणजे तिथे हातांची गरज जास्त.

गेल्या महिन्यात आम्ही ट्रॅकवरच्या लोकांनी वर्गणी काढून एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावलं. ते पैसे घेत नाहीत, पुतळे ने-आण करायचा टेम्पो तेवढा आमचा. चाळीसेक माणसं आली. भाजीवाल्या मावशींना मी मुद्दाम बोलवायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवशी मी कांदा दिला होता. चुकलं का हो माझं?" मी म्हटलं, मावशी, तुम्ही काहीतरी दिलंत तरी, मी तर नुसती उभी होते. त्या आल्या. पाटी गेटवरच्या वॉचमनकडे सोपवून, पदर खोचून पुतळ्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. डॉक्टरांनी हात कुठे ठेवायचा ते दाखवलं. पहिले दहा-बारा दाब उथळ गेले, मग त्यांनी खांदे पुढे आणले आणि पुतळ्यातली स्प्रिंग दर वेळी कट्ट वाजायला लागली. मोठ्याने मोजत होत्या, तीसनंतर पुन्हा एक. कपाळावर घाम आला तशा दाबता दाबताच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, थांबायचं कधी?"

"अँब्युलन्सवाले येऊन तुमचे हात बाजूला करतील तेव्हा," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी मान हलवली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.